वेणूच्या सहलीची काटकसर

भवानी पेठ, सोलापूर
२ मार्च १९७६

चि. वेणूस,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तू आईच्या नावाने पाठवलेलं चित्राचं कार्ड २७ फेब्रुवारीला सकाळी साडेअकराला पेठेत दाखल झालं. तेव्हापासून मी शाळेतून परत येईपर्यंत, म्हणजे तब्बल सहा तास, ते आमचं घर सोडून सर्वत्र होतं. पिठाच्या गिरणीत होतं, शेजारच्या गिरिजाबाईंच्या पोळपाटावर होतं आणि मारुतीच्या पारावरही होतं. चित्रातल्या किल्ल्याच्या उजव्या बुरुजावर आता गुळाचा एक अंगठा उमटला आहे. गुन्हेगार सापडलेला नाही.

पोस्टमन महादेवप्पाला मी जाब विचारला. तो म्हणाला, "बाई, उघडं कार्ड हाय. पाकिटात घालून पाठवलं असतं तर मी कशाला वाचलो असतो?" त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून मला अधिकच राग आला.

खरी तक्रार पुढे आहे. आईला तो मजकूर त्यानेच दारात उभ्याने वाचून दाखवला आणि कार्ड तसंच पुढे नेलं. 'यंदाही सोलापूरला जमणार नाही, पोरांना तीन वर्षं कबूल केलेली खेळांची नगरी दाखवायची आहे' हे वाक्य तिने ऐकलं ते मनीऑर्डर पुकारायच्या आवाजात. मी वाचून दाखवलं असतं, तर ते वाक्य मी वाचलंच नसतं.

आई म्हणाली, "चांगलं झालं की. पोरं खेळतील की." आणि कूस बदलली. सकाळी साडेअकराला ती पडून का होती ते विचारू नकोस. उन्हं फार आहेत.

कार्डाच्या शेवटी माझ्यासाठी एक ओळ होती. 'अक्काला विचार, चाळीस मुली तीन-तीन रुपयांत विजापूरला कशी नेऊन आणते. आमचे चौघांचे पंधराशे डॉलर होतात, परवडत नाही.' पाच वर्षांत तू मला लिहिलेलं हे पहिलं वाक्य. तेही दुसरीच्या मार्फत, उघड्या कार्डावर. तरी मी ते तीनदा वाचलं.

पाच वर्षांपूर्वीचं मी विसरले नाही. 'आई सीरियस, ताबडतोब निघ' अशी तार मी केली होती. आईला तुझी आठवण यायची, जेवण जायचं नाही, आणि पोरगा परदेशातून येत नसेल तर पेठेत सगळे अशीच तार करतात. तू लीलाला तीन आठवड्यांच्या बाळासह बर्फात सोडून, कर्ज काढून आलास, तेव्हा आई अंगणात कडक भाकऱ्या वाळत घालत होती. निघताना स्टेशनवर तू म्हणालास, "अक्का, पुन्हा तुझी तार आली तर मी उघडणार नाही." बरोबर म्हणालास.

खर्चाचा तपशील पाठव. कमी करून देते.

तुझी,
सरोजिनी


३० मार्च १९७६

चि. वेणूस,

तपशील मिळाला. तुम्हा लोकांना सहलीला जायचं आहे की सहलीला विकत घ्यायचं आहे, ते आधी ठरवा.

ओहायोहून फ्लोरिडाला चौघांनी विमानाने जायचं आणि तिथे उतरून भाड्याची मोटार घ्यायची. घरची मोटार काय दाराशी बांधून ठेवायची? तिला चारा घालायला कोण येणार? घरच्या मोटारीने जा. दोन दिवस लागतील. पोरं मागे भांडतील, लीला पुढे गप्प बसेल, तू रस्ता चुकशील आणि कोणाला विचारणार नाहीस. सहल याहून वेगळी नसते. पेट्रोल वजा जाता चारशे वीस डॉलर वाचतात. पहाटे चारला निघायचं. विजापूरला नेताना मीही पोरींना पहाटेच काढते. झोपलेलं पोर खायला मागत नाही, हे सहलीचं पहिलं सूत्र.

इकडे सर्व ठीक. माझं वर्तमानपत्रातलं सदर चालू आहे. सध्या बोलायचे दिवस नाहीत, म्हणून मी भाज्यांच्या भावावर लिहिते. गेल्या आठवड्यात दोडक्यावर लिहिलेलं संपादकांनी परत पाठवलं, दोडका कोण असं विचारत. मी म्हटलं, दोडका म्हणजे दोडका. तरी छापला नाही.

आईचं वजन थोडं उतरलं आहे. पेज घेते. डॉक्टर चनबसप्पा रोज संध्याकाळी चहाला येतात. चहा घेत नाहीत.

सहज विचारते, तिकडून मुंबईला एकट्या माणसाचं येण्याजाण्याचं भाडं हल्ली किती पडतं? भूगोल शिकवताना लागतं.

तुझी,
सरोजिनी


२६ एप्रिल १९७६

चि. वेणूस,

भाड्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मुंबईच्या एका विमान कचेरीला मी उत्तराचं जोडकार्ड टाकलं होतं, ते परत आलं. नऊशे दहा डॉलर. भूगोलाचं काम झालं.

आता मुक्काम. रोज खोलीचे वीस डॉलर देऊन तिथे करणार काय, तर झोपणार. तंबू घ्या. तूच लिहितोस की त्या नगरीजवळ तंबूंचं मैदान आहे, नळ आहे, न्हाणीघर आहे. म्हणजे आपल्या घरापेक्षा एक नळ जास्तच. तंबूची किंमत धरूनही दोनशे वीस वाचले. मागचे चारशे वीस मिळवून सहाशे चाळीस.

जेवण. चौघांचं दोन वेळचं हॉटेलात? इथे आईने सूत्रं हाती घेतली. तुझा हिशेब मी तिला वाचून दाखवला तेव्हा ती उठून बसली. (उशीला टेकून, पण बसली.) म्हणाली, "कडक भाकरी कशाला असते मग? महिनाभर हलत नाही. शेंगाचटणी न्यावी, दही तिथं मिळेल की." ज्वारी कुठे मिळणार ते मी विचारलं. तू एकदा लिहिलं होतंस की तिकडे ज्वारी गुरांना घालतात. तर आईचा निरोप असा: लीलाने गुरांच्या दुकानात जाऊन आणावी. दुकानदाराने विचारलं तर सांगावं, घरी दोन आहेत.

लीलाला भाकरी कडक करायची माहीत नाही म्हणून आईने कृती लिहून घ्यायला सांगितली. गिरिजाबाईंना बोलावलं. त्या थापायच्या आणि आई पलंगावरून सांगायची, "पातळ, अजून पातळ. चंद्र दिसला पाहिजे आरपार." गिरिजाबाई म्हणाल्या, "दुपारी चंद्र कुठनं आणू हो?" आई हसली. हसताना पोट धरलं आणि कृती तिथेच सोडून आडवी झाली. कृती सोबतच्या कागदावर आहे. शेवटच्या दोन ओळी माझ्या अंदाजाने लिहिल्या आहेत.

जेवणाचे अडीचशे वाचले. आठशे नव्वद.

वीस कमी पडतात. म्हणून तिकिटं. तिथे चिठ्ठ्यांची पुस्तकं मिळतात ना, लहान आणि मोठी? लहान पुस्तक घ्या. मोठ्यांनी सगळ्या पाळण्यांत बसायलाच हवं असा कायदा नाही. तू खाली उभा राहून पोरांच्या चपला सांभाळ. चाळीस डॉलर.

एकूण नऊशे तीस. वरचे वीस असू देत, मुंबईहून पुढे रेल्वेला होतील. म्हणजे, कोणाला लागले तर.

वेणू, हे पैसे वेगळे काढून ठेव. कशात घालू नकोस.

तुझी,
सरोजिनी


२० मे १९७६

वेणू,

तुझं पत्र काल आलं. 'अक्का, कमाल केलीस! लीलाने तुझा हिशेब स्वयंपाकघरात भिंतीला लावला आहे. एवढे पैसे वाचले म्हणून आम्ही आणखी एक आठवडा वाढवला. नगरी झाल्यावर समुद्रकाठी जाऊ. खोली ठरवायची बाकी आहे.'

मी शाळेत चोवीस वर्षं गणित शिकवते आणि सदरात लोकांच्या मूर्खपणावर लिहिते. दोन्हींचं फळ एकदम मिळालं. मी एकेक डॉलर खरवडून एक डबा भरला आणि त्यावर कशासाठी ते लिहायचं राहिलं. तू समुद्र विकत घेतलास. तुझी चूक नाही.

आता लिहिते. आईच्या पोटात गाठ आहे. जानेवारीत आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो असं तुला कळवलं होतं. आम्ही मिरजेला गेलो होतो. तिथे पोट उघडून पाहिलं आणि परत शिवलं. चनबसप्पा म्हणतात, पावसाळा निम्मा बघेल. माझ्या डोळ्यांना तेवढंही दिसत नाही.

आधी का नाही लिहिलं? आईने सांगितलं, "वेणूला कळवलंस तर औषध थुंकून टाकीन. माझ्या नावानं एकदा खोटं ओरडलीस, ओल्या बाळंतिणीला टाकून पळत आलं पोरगं. आता पोरं कुठं एकदा खेळायला जायलीत, तर परत आडवी पडू का त्यांना?" तिने एकदा खरंच थुंकलं. दोन दिवस. म्हणून मी काटकसरीच्या वाटेने आले. वाटलं, पोरांची सहलही व्हावी, आणि पैसे हातात दिसले की तुझं तुलाच सुचावं. तुला सुचलं. समुद्र सुचला.

सगळ्यांनी येऊ नका. पोरांची सहल मोडू नका, ते ती सहन करणार नाही. तू एकटा ये. पैसे आहेत, मी मोजले आहेत.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुला कारण आहे. चनबसप्पांना तार कर, जबाबी. ते खोटं बोलणार नाहीत.

अक्का


७ जून १९७६

सौ. लीलास,

तुला मी लिहीन असं तुला वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी तुझी माफी मागायला हवी होती. तेव्हा मला वाटलं, वेणूने रागावून घेतलं, हिशेब मिटला. तुझा राग वेगळा होता आणि तो मी कधी विचारलाच नाही.

काय झालं ते थोडक्यात. वेणूची तार चनबसप्पांना आली, ती आमच्याच घरी. ते आईला तपासत होते आणि महादेवप्पा तारवाल्याला घेऊन आत आला. डॉक्टरांनी चष्मा नसल्याने अक्षरं जुळवत मोठ्याने वाचली, 'आईची प्रकृती नक्की कशी, खरे कळवा.' आई म्हणाली, "लिहा, वयाच्या मानाने बरी आहे." डॉक्टर म्हणाले, "मामी, हे मला लिहिता यायचं नाही." आई म्हणाली, "तुझ्या बारशाला घुगऱ्या मी वाटल्या होत्या, चनबस. मी मरायलेय, तू नाहीस. ज्याचं मरण त्याला सांगू दे की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणत होते, तोंडाने, मानेने, हात जोडून. त्यांनी लिहिलं. लिहिताना रडत होते, पण लिहिलं.

म्हणून वेणूचं पत्र आलं. एकच ओळ आहे. 'दुसऱ्यांदा, अक्का?'

त्याच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं, शिवाय दोन टोमणे मारले असते.

लीला, माझ्याजवळ पुरावा नाही. माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली आहे. पण तू माझा हिशेब भिंतीला लावला आहेस म्हणे. त्याच्यासमोर उभी राहा. मोटारीचे चारशे वीस, तंबूचे दोनशे वीस, जेवणाचे अडीचशे, चिठ्ठ्यांचे चाळीस. आणि शेजारी एकट्या माणसाचं मुंबईचं भाडं लिही. ते मी मार्चमध्ये विचारलं होतं, भूगोलाच्या नावाखाली. तेव्हा ना तुमचा समुद्र ठरला होता, ना मी काही कबूल केलं होतं. मला खोटंच रचायचं असतं तर मी पुन्हा तारच केली असती. तार आठ शब्दांत होते. त्यासाठी कोणी तीन महिने दुसऱ्याच्या सहलीतले पैसे वेचत बसत नाही.

आता ती पेजेच्या पाण्याखेरीज काही घेत नाही. परवा मला म्हणाली, "पोरं तंबूत झोपतील तेव्हा कोणी पांघरूण घालील ना?" मी म्हटलं, लीला आहे. म्हणाली, "हां, ती आहे."

तुझी क्षमा मागायची हीच वेळ मला सापडावी, याचीही लाज वाटते. पण मागते. आणि त्याला पाठव.

तुझी,
सरोजिनी


१६ जुलै १९७६

प्रिय लीलास,

वेणू परवा निघाला. हे पत्र पोचेल त्याआधी तो घरी असेल आणि बरंचसं सांगेल. पण तो नीट सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

तू भिंतीसमोर उभी राहून काय बोललीस ते त्याने मला सांगितलं. "तुझ्या बहिणीला खोटं बोलता येतं, पण बेरीज खोटी करता येत नाही. तू जा, पोरांना मी नेते." तू दोन दिवस एकटीने मोटार चालवणार, तंबू उभा करणार, हे ऐकून आई म्हणाली, "बाई गं." आणि मग, "तंबूच्या दोऱ्या घट्ट बांधील ना?" तिच्या तोंडून कोणाची स्तुती मी प्रथमच ऐकली. ही स्तुतीच होती, गैरसमज नको.

२४ जूनला सकाळी तो आला. आईने त्याला पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्यावर डोळे वटारले. "सांगितलंस ना शेवटी?" मी म्हटलं, "मी नाही, लीलाने पाठवला." तेव्हा तिने हात पुढे केला. वेणूने तो धरला, तो पाच दिवस जवळजवळ सोडलाच नाही. जेवायला उठायचा तेवढाच.

रोज ती विचारायची, "आज कुठं पोचली पोरं?" वेणू पाटीवर नकाशा काढून दाखवायचा. आज डोंगर उतरले, आज नगरीत शिरले, आज आगगाडीत बसले. त्याने ती नगरी कधी पाहिलेली नाही, हे तिला माहीत होतं. तरी ती खोदून विचारायची, पाळणा किती उंच आहे, पोरगी घाबरली का. तो सांगायचा, "नाही आई, पोरगा घाबरला, पोरगी हसली." आईला ते पटलं. म्हणाली, "आपल्याकडे तसंच की."

मंगळवारी पहाटे गेली. वेणूच्या पाटीप्रमाणे त्या दिवशी पोरं होडीत बसायची होती. मी तुम्हाला तार केली नाही. तार करायला मी घाबरले, असंही म्हण. शिवाय तिने सांगून ठेवलं होतं, सहल पुरी होईपर्यंत पोरांना कळवायचं नाही. त्या एका बाबतीत तिचं ऐकावं असं आम्हा दोघांना वाटलं.

वेणू आणि मी फार बोललो नाही. तेरा दिवस घरात माणसं होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "अक्का, मी ती ओळ लिहायला नको होती." मी म्हटलं, "लिहिलीस ती चांगली होती. छोटी, नेमकी. माझ्या सदरात शोभली असती." तो हसला आणि मग त्याला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. लहानपणी तो पडला की असाच बसायचा.

सहलीचे फोटो धुऊन आले की एक मला पाठव. चिठ्ठ्यांची पुस्तकं लहानच घेतलीस ना? मोठी घेतली असशील तरी चालेल.

आज शाळा सुटल्यावर मी स्टेशनवर गेले होते. २४ तारखेला वेणू गाडीतून उतरला तेव्हा त्याच्याजवळ रुपये नव्हते, नुसते डॉलर. एका म्हाताऱ्या टांगेवाल्याने त्याला घरापर्यंत आणलं आणि दारातली गर्दी पाहून पैसे न मागताच टांगा वळवला. वेणूला फक्त घोड्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपका आठवत होता. टांग्यांच्या रांगेत तो घोडा सापडला. मी सांगितलं, त्या दिवशी भवानी पेठेत एक साहेब सोडलात, त्याचे पैसे. तो म्हणाला, "हौ बाई, याद है. मिले क्या माँ से?"

मी म्हटलं, "भेटले."

मी तीन रुपये पुढे केले. त्याने दोन घेतले आणि एक परत माझ्या हातावर ठेवला. "एकच सवारी थी," म्हणाला. मी तो रुपया घेतला आणि चालत घरी आले.

तुझी,
सरोजिनी